जिवंत बिळं

पिंजऱ्यात पुन्हा तीच खार होती. शेपटीचं टोक तुटलेली, म्हणून ओळखता यायची. आतलं भजं तिने केव्हाच संपवलं होतं आणि दार उघडायला एवढा वेळ का लागतोय, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत होती.

"ठोंबरे, सापडला का?" इंदुताईंनी ओट्यावरून विचारलं.

"सापडला... म्हणजे सापडली. खार आहे."

"कालचीच?"

"हो."

"मग तिचं नाव हजेरीपटावर घाला," असं म्हणून त्या कपबशी घेऊन आत गेल्या.

इंदुताई देवस्थळी छत्तीस वर्षं शाळेत होत्या, त्यातली शेवटची चौदा मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागोठण्याच्या पुढे, अंबा नदीच्या काठाला दीड एकराची बाग घेतली. शाळा सुटली हे मात्र त्यांच्या मनाने कधी मान्य केलं नाही. सगळ्यांना त्या आडनावाने हाक मारत. बुलबुल, शिंजीर, दयाळ यांना 'आपली मुलं' म्हणत. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, शेतकी पदविका घेऊन नुकताच बाहेर पडलेला, आणि त्या पदविकेचा ताप अजून अंगातून उतरलेला नव्हता. बागेची देखभाल करायची आणि कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत राहायचं, अशी नोकरी होती. त्या दोन खोल्यांच्या भरवशावर माझं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. सासरे दर पत्रात एकच प्रश्न विचारायचे, नोकरी पक्की ना?

ती पक्की नव्हती. कारण उंदीर. सुरण पोखरले, कोनफळं पोखरली, गवती चहाच्या बुडाशी बोगदे केले. तेवढं इंदुताईंनी सोसलं असतं. पण फाल्गुनात मोगऱ्यातल्या बुलबुलाच्या घरट्यातली तीन पिल्लं एकाच दुपारी नाहीशी झाली आणि आठवड्याभराने लिंबावरच्या घरट्याचंही तेच झालं. त्या संध्याकाळी इंदुताईंनी मला ओट्यावर बोलावलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, तेव्हाच मी समजलो.

"ठोंबरे, या हंगामात माझ्या बागेतून एक तरी पिल्लू उडालेलं मला बघायचंय. उंदीर गेले पाहिजेत. पण उंदरांच्या नादात दुसरं काहीही मेलेलं मला चालणार नाही. मुंगूस नाही, धामण नाही, घुबड नाही. जमत असेल तर राहा. नसेल तर जूनपासून मी दुसरा माणूस बघते."

"जमेल ताई," मी म्हणालो. लग्न ठरलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

पण जमवायचं कसं? भरड्यात उंदराच्या विषाची काळी पूड कालवून ठेवावी, तर ती खाऊन उंदीर उघड्यावर मरणार, तो मुंगूस किंवा घुबड खाणार, आणि मग तेही मरणार. पिंजरे लावले तर खारीची पंगत बसते, हे वर सांगितलंच. शिवाय मुळात पिल्लं कोण खातं, यावरच एकमत नव्हतं. इंदुताईंचा संशय कावळ्यावर होता. माझा उंदरावर, कारण मोगऱ्याच्या खोडावरून एक उंदीर उतरताना मी पाहिला होता. आणि लहानीबाईने तिसरंच नाव घेतलं.

लहानीबाई हिलम नदीपलीकडच्या कातकरी वाडीतली. पन्नाशीची, काटकुळी, हातात लोखंडी पहार. वाफ्यांतले उंदीर खणून काढायला इंदुताईंनीच तिला बोलावलं होतं. तिचं काम बघण्यासारखं असे. आधी सगळी तोंडं शोधायची, एक सोडून बाकीच्यांवर दगड ठेवायचे, उरलेल्या तोंडाशी गवताचा धूर करायचा, आणि बीळ कुठे वळलंय ते पायाच्या तळव्याने जमीन चाचपून ओळखायचं. जिथे पहार मारील तिथे उंदीर. मेलेले उंदीर टोपलीत घालून ती घरी न्यायची. त्यांच्यात ते खातात. मला ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, त्या टोपलीकडे बघताना मी तोंड फिरवायचो.

"पिलं उंदीर नाय खात," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "म्हंजे खाईल कदी. पन ही कुकुडकोंब्याने नेली."

कुकुडकोंबा म्हणजे भारद्वाज. लाल डोळ्यांचा, तपकिरी पंखांचा तो पक्षी रोज सकाळी कुंपणावरून चालत यायचा आणि इंदुताई त्याला हात जोडायच्या. दिवस चांगला जातो म्हणे.

"काहीतरी बोलू नकोस लहानी," इंदुताई म्हणाल्या. "भारद्वाज असलं काही करायचा नाही."

लहानीबाईने पदराने घाम पुसला आणि पुन्हा पहार मारली. मी इंदुताईंच्या बाजूने मान डोलावली.

वाफे आठ दिवसांत मोकळे झाले. उरली ती दरड. बागेच्या टोकाला जमीन एकदम नदीपात्रात उतरत होती, दीड पुरुष उंच मातीची उभी दरड, आणि तिच्यात बिळं. वरून ती दिसत नसत, खाली पात्रात उतरूनच बघावी लागत. गुडघ्यांमुळे इंदुताई खाली उतरत नसत. तिथे खणता येत नव्हतं. खणलं तर पावसाळ्यात दरड ढासळणार आणि कुंपणासकट पेरूची झाडं नदीत जाणार. म्हणून मी माझी पद्धत काढली. बिळात धुरीची गोळी टाकायची आणि तोंड मातीने लिंपायचं. गोळीचा वायू आतल्या आत काम करतो, उंदीर जमिनीखालीच मरतो, घुबडाच्या किंवा मुंगसाच्या तोंडी लागत नाही. पदविकेत आम्हाला ती शिकवली होती आणि परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. गोळ्या घालायच्या आधी बिळं नक्की करायला म्हणून मी लहानीबाईला दरडीखाली घेऊन गेलो.

दुपारचे चार वाजले होते. वर विजेच्या तारेवर सहा-सात वेडे राघू बसले होते. हिरवे, चिमणीएवढे, बारीक वाकड्या चोचीचे. प्रत्येकाच्या चोचीत काहीतरी, चतुर किंवा मधमाशी. गेले पंधरा दिवस मी त्यांना तसंच बघत होतो. किडा पकडायचा, तारेवर येऊन बसायचं, आणि खायचं सोडून तासभर नुसती शेपटी हलवायची. या पक्ष्याला वेडा म्हणतात ते उगीच नाही, असं मला वाटे.

लहानीबाई दरडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एकेका बिळाला बोट लावत परत आली.

"नऊ हायत. ही खालची पाच उंदराची. वरची चार सोड, दादा. ती पाखराची हायत."

"कशावरून?"

"उंदराच्या तोंडाशी माती बघ, ढीग हाय. भुस्सा हाय. लेंड्या हायत. आनि हितं बघ." तिने वरच्या एका बिळाखाली बोट धरलं. "दोन रेगा हायत ना? पाखराच्या पायाच्या. आत जाताना पडत्यात."

मी वाकून पाहिलं. रेघा होत्या. पण दरडीवर रेघांना काय तोटा? पाण्याच्या असतात, मुळांच्या असतात. शिवाय दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः एक उंदीर दरडीत शिरताना पाहिला होता. तो खालच्या बिळात शिरला की वरच्या, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं, पण आठवायचा जितका प्रयत्न करावा तितका तो वर सरकत होता.

"मी पंधरा दिवस बघतोय," मी म्हणालो. "एकही पाखरू आत जाताना दिसलं नाही."

"तू हितं उभा असतोस ना. मानूस बघतोय म्हनल्यावर ते घर दाखवत नाय."

हे मला फारच सोयीचं उत्तर वाटलं. आणि त्याच क्षणी डोक्यात एक विचार आला. आज लिहितानाही त्याची लाज वाटते. ही बाई चार बिळं राखून ठेवतेय. आज पाच देईल, आणि मी गेलो की स्वतःच्या टोपलीसाठी उरलेली चार. गोळी घातलेला उंदीर तिच्या कामाचा नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

"लहानीबाई," मी म्हणालो, "उंदीर आणखी हवे असतील तर तसं सांगा की. त्यासाठी पाखरांचं नाव कशाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं.

"असं करू," मीच पुढे म्हणालो. "सगळी नऊ बुजवून टाकू. बुजवलेलं बीळ सकाळी उघडलेलं दिसलं की ते जिवंत. म्हणजे आत उंदीर आहे. नाही उघडलं तर मेलेलं, ते सोडून द्यायचं. पाखरू काय माती उकरतं?"

"उकरतं."

"एवढ्याशा चोचीने?"

"मंग बीळ पाडलं कुनी?"

मी म्हणालो, "पुस्तकात पद्धत अशीच दिलेली आहे." आणि ओल्या मातीचे बोळे करून एकेक तोंड बुजवत सुटलो. लहानीबाई पहार खांद्यावर टाकून पाण्यातून पलीकडे निघून गेली. वर तारेवर राघूंनी बराच गलका केला. मला वाटलं, ससाणा दिसला असेल.

सकाळी सातला मी दरडीखाली उतरलो. खालची पाचही बिळं उघडली होती. वरच्या चारांपैकी तीन उघडली होती! चौथं, त्या तिघांपासून दहाएक हात दूर असलेलं, तेवढं बंद होतं. मला झालेला आनंद काय सांगू? गणित न येणाऱ्या मुलाला भर वर्गात ते सुटावं तसं झालं. जिवंत आठ, मेलेलं एक. पद्धत बरोबर, बाई खोटी.

लहानीबाई दहाला यायची. ती यायच्या आत उरकून टाकावं, असं मला वाटलं. मी बरोबर होतो तर घाई कसली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. तोंडाला फडकं बांधलं, आठ बिळांत गोळ्या टाकल्या, आठ तोंडं घट्ट लिंपली. चौथ्याला हात लावला नाही, कारण मेलेल्या बिळावर गोळी वाया घालवू नये असं शिकवलेलं होतं. मग हात धुऊन घरी जाऊन सासऱ्यांना पत्र लिहायला बसलो. नोकरी आता बहुतेक पक्की होईल, असं त्यात लिहिलं.

साडेनऊला इंदुताईंची खुर्ची पेरूखाली मांडून मी पुन्हा खाली गेलो. एखादं तोंड फुटलंय का, बघायचं होतं. तोंडं शाबूत होती. पण एका तोंडावर राघू लटकला होता. पंख फडफडवत, दरडीला नखं रुतवून, चोचीतला चतुर न सोडता तो ओल्या मातीवर डोकं आपटत होता. घसरून खाली पडला, पुन्हा वर गेला. शेजारच्या तोंडाशी दुसरा. तिसऱ्याशी दोन. मी दहा हातांवर उभा होतो आणि त्यांना माझी पर्वा नव्हती.

मी काय विचार केला असेल? की तिथे मुंग्या लागल्या असतील, मुंग्या खायला आले असतील. एवढं डोळ्यांसमोर चाललं होतं आणि माझं डोकं मुंग्या शोधत होतं. चोचीत अख्खा चतुर असताना पाखरू मुंग्या कशाला खाईल, हे विचारायलाही ते तयार नव्हतं.

पाण्यात पावलं वाजली. लहानीबाई नदी ओलांडून येत होती. मधेच थांबली, दरडीकडे पाहिलं, आणि टोपली पाण्यातच टाकून धावत सुटली.

"गोळी आहे आत!" मी ओरडलो. "लहानीबाई, वायू आहे, हात लावू नका!"

तिने पदर नाकाला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी तोंड फोडलं. दंडापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत चार पिल्लं होती. पिसं फुटलेली, हिरवीगार, फक्त शेपट्या आखूड. आठ-दहा दिवसांत उडाली असती. तिने ती दगडावर ठेवली आणि दुसऱ्या बिळाकडे वळली. मी जागचा हललो नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहावं, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मी बरोबर त्याच बाजूला उभा होतो.

दुसऱ्यातून चार निघाली. तिसऱ्यातून तीन. त्यातलं एक तिच्या तळहातावर दोनदा चोच उघडून थांबलं. ती खोकत खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वायूने की कशाने, कुणास ठाऊक.

"काय चाललंय तिथे?" वरून इंदुताईंचा आवाज आला. आणि आपल्या गुडघ्यांची पर्वा न करता, पेरूच्या फांद्या धरत, त्या पायवाटेने खाली आल्या. दगडावरची पिल्लं त्यांनी पाहिली. बोटाने एकाचा पंख उघडला, पुन्हा मिटला.

"ही वेड्या राघूची आहेत," त्या म्हणाल्या. "कुणी केलं हे?"

"गोळ्या मी घातल्या ताई," मी म्हणालो. तेवढं तरी मी कबूल केलं.

"ते कळलं. पण पाखरांच्या बिळात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्हाला काय, पुस्तकात वाचून येतं ते. बिळं कुणी दाखवली?"

"लहानीबाईंनी."

इंदुताई तिच्याकडे वळल्या. त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. शाळेतल्या मुलांनी ऐकला असेल.

"लहानी, जन्म गेला तुझा या बिळांत! उंदराचं घर कुठलं आणि पाखराचं कुठलं, हे तुला कळत नाही? विश्वासाने बोलावलं तुला मी."

लहानीबाई उठली. अजून खोकत होती. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मी काय सांगितलं ते दादाला इचारा, ताई. दादा सांगल."

"ठोंबरे?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला माझ्या दोन खोल्या दिसल्या, सासऱ्यांचं पत्र दिसलं. खरं बोलायला चार शब्द पुरले असते. ती नको म्हणत होती. बस, एवढंच.

"नऊच्या नऊ बिळं त्यांनीच दाखवली, ताई," मी म्हणालो. "एकेक, बोट लावून."

यात खोटा असा एकही शब्द नव्हता. इतक्या वर्षांत मी ते वाक्य कितीदा तपासलं असेल, तरी त्यात खोटा शब्द सापडत नाही.

लहानीबाईने माझ्याकडे पाहिलं. ती वाद घालील, शिव्या देईल, निदान रडेल, असं मला वाटलं. तसं काही झालं असतं तर मी बहुतेक खरं बोललो असतो, अशी मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. पण पोरांच्या खेळात कुणी रडीचा डाव खेळावा आणि मोठ्या माणसाने सोडून द्यावं, तशी तिने मान फिरवली.

"उद्यापासून येऊ नकोस," इंदुताई म्हणाल्या.

तिने पहार उचलली. टोपली वाहत जाऊन खडकाला अडकली होती. तिकडे जाताना ती दरडीच्या त्या टोकाशी थांबली, जिथे चौथं बीळ होतं, बंद. पहारीच्या टोकाने तिने मातीचा बोळा अलगद उचकटून काढला. कान लावून ऐकलं.

"आता आणखी काय करतेस?" इंदुताई ओरडल्या.

"काय नाय," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर चढताना तिने एकदा मला हाक मारली. "दादा, तीन दिस त्या बाजूला झोपू-बसू नको. गोळीचा वास डोक्यात जातो."

इंदुताईंना मी वर आणलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. अकरा पिल्लं मी पेरूखाली पुरली. का कोण जाणे, पुरताना मी त्यांच्या शेपट्या पुन्हा पुन्हा बघत होतो.

पुढचे दिवस मी कसे काढले, ते मला धड आठवत नाही. काम करत होतो, पण काय करतोय ते कळत नव्हतं. उंदीर गेले होते, हे खरं. पण चैत्राच्या शेवटी, भर सकाळी दहा वाजता, मोगऱ्यात नव्याने झालेल्या बुलबुलाच्या घरट्यात भारद्वाज डोकं घालून उभा असलेला मी पाहिला. चोचीत पिल्लू धरून तो कुंपणावरून सावकाश चालत गेला. तिकडे ओट्यावर इंदुताईंनी हात जोडले. त्यांना लांबून चोचीतलं दिसलं नसावं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लहानीबाईचं नाव निघालं असतं.

एकदा नदी ओलांडून वाडीत गेलो. अर्ध्या वाटेवर काय बोलायचं ते ठरवलं, वाडी दिसली तेव्हा ते विसरलो. तिच्या झोपडीच्या झापाला बाहेरून काटकी लावलेली होती. शेजारीण म्हणाली, माणसं कोळशाच्या भट्टीवर गेली, पाऊस पडल्यावर येतील. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगितलं पाहिजे. पाऊस पडल्यावर मी गेलो नाही.

आता मला शेतकरी मेळाव्यांत बोलायला बोलावतात. पाखरं न मारता उंदीर कसे आवरावेत, हा माझा विषय. फळ्यावर मी दोन बिळं काढतो. एकाखाली मातीचा ढीग, एकाखाली दोन रेघा. लोक वह्यांत उतरवून घेतात. ही माहिती कुठल्या पुस्तकात मिळेल, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, पुस्तकात नाही, अनुभवातून आलेली आहे. कुणाच्या, ते कुणी विचारत नाही.

त्या चौथ्या बिळाकडे मी त्या दिवसांत लांबूनच बघत असे. दरडीखाली उतरलो नाही. पेरूच्या मागे, तारेवरून मी दिसणार नाही असा बसायचो; दरड त्या टोकाला वळत होती, म्हणून तेवढं एक बीळ तिथून वरूनही दिसे. पहिल्याच दिवशी कळलं. मी दिसेनासा झालो की पाच मिनिटांत तारेवरचा राघू चोचीतला किडा घेऊन सरळ त्या बिळात शिरे, आणि रिकाम्या चोचीने बाहेर येई. दिवसाला शंभर वेळा.

नवव्या की दहाव्या दिवशी मी इंदुताईंना खुर्चीसकट तिथे, पेरूच्या आडोशाला, नेऊन बसवलं. सकाळचे आठ वाजले असतील. बिळाच्या तोंडाशी एक हिरवं डोकं आलं, आत गेलं, पुन्हा आलं. तारेवरून आईबाप ओरडत होते. मग ते पिल्लू बाहेर पडलं. पडलंच आधी, पाण्यापासून हातभर अंतरावर पंख उघडले, आणि वेडंवाकडं उडत नदीपलीकडच्या करंजावर जाऊन बसलं. त्याच्यामागून दुसरं. मग बऱ्याच वेळाने तिसरं.

इंदुताईंनी दुर्बीण खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. छत्तीस वर्षांच्या खडूने त्यांची बोटं खरखरीत झाली होती.

"ठोंबरे, ते एक घर वाचलं. त्या दिवशी तेवढ्या एका बिळात तुम्ही गोळी घातली नव्हतीत. तुम्हाला ओळखू आलं होतं ना ते?"

करंजावर तिन्ही पिल्लं एका फांदीवर चिकटून बसली होती.

"हो ताई," मी म्हणालो.